चुकलं की थांबायचं

माझा धाकटा भाऊ जन्माला आला तो दुसऱ्यांच्या चुका काढायलाच. आमची आई सांगायची, पाळण्यात असतानासुद्धा झोका वाकडा गेला की हा रडणं थांबवून वर बघायचा. आईच्या सांगण्यातलं निम्मं सोडून द्या, तरी उरलेलं निम्मं खरं असणार. लग्नाच्या पंगतीत केळीचं पान उलटं मांडलंय हे पहिल्यांदा त्यालाच दिसतं. भजनात टाळ कुणाचा मागे पडतोय ते त्यालाच ऐकू येतं, आणि ऐकू आल्यावर गप्प बसणं त्याच्या रक्तात नाही. मी त्याची थोरली बहीण. हायस्कुलात गणित शिकवते, म्हणजे चुकांखाली लाल रेघ ओढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा. तरी त्याच्यापुढे मी केव्हाच हात टेकलेत.

हे सगळं सांगायचं कारण असं, की दर रविवारी सकाळी म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागात त्याच्या वर्कशॉपमध्ये आम्ही चौघं वाजवायला बसतो, आणि तिथला एकुलता एक कायदा त्यानंच केलेला आहे. चुकलं की थांबायचं. ज्याला चूक ऐकू आली त्यानं मोठ्यानं ‘मत्ते!’ म्हणायचं. मत्ते म्हणजे कन्नडात ‘पुन्हा’. ते ऐकलं की सगळ्यांनी हात उचलायचे आणि पहिल्यापासून सुरू. एकेका रविवारी आम्ही एका गाण्याचा पहिला तुकडासुद्धा ओलांडत नाही. बाहेरून कुणी ऐकलं तर त्याला वाटेल, इथे गाणंबजावणं चाललेलं नाही, भांडण चाललंय. वॉचमनला तर तसंच वाटतं. तो अजून अधूनमधून दारातून डोकावून कुणी कुणाला मारत नाही ना, एवढं बघून जातो.

चौघांतले दोघं आम्ही भावंडं. तिसरे दातांचे डॉक्टर, कन्नड माणूस, आमच्याच रस्त्यावर त्यांचा दवाखाना. ते एका लाकडी खोक्यावर बसतात आणि त्याच खोक्याला थापा मारून ताल धरतात. चौथी पुण्याहून नोकरीसाठी आलेली एक मुलगी. कंपनीत संगणकाचं काम करते, बेस गिटार वाजवते आणि छापल्यासारखी शुद्ध मराठी बोलते. आम्ही तिला पुणेकरीण म्हणतो.

आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. पूर्वी कापड रंगवायचे, छापायचे. आता भाऊ प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे करतो. घरात मराठीच, पण वाक्य अर्ध्यावर आलं की कन्नड कधी आत शिरते ते आम्हाला कळतही नाही. ‘अक्का, सुम्ने बोलू नको गे, स्वल्प थांब,’ असं भाऊ तिच्यासमोर पहिल्यांदा मला म्हणाला, तेव्हा पुणेकरीण आळीपाळीनं आमच्या तोंडांकडे बघत राहिली. उगीच बोलू नको, जरा थांब, एवढंच ते. आता तीच कॉफी ओतणाऱ्याला ‘साकु, साकु’ म्हणते, म्हणजे पुरे, पुरे. पुण्याला गेली की आईलाही तसंच म्हणते आणि आईच्या शिव्या खाते म्हणे.

रविवार अशासाठी, की त्या दिवशी आजूबाजूचे सगळे कारखाने बंद. आवाजाचा त्रास व्हायला वॉचमन आणि त्याचं कुत्रं सोडून कुणी नाही. पण मशिनी बंद म्हणजे लाइनीत व्होल्टेज चढतं, आणि भावाच्या गिटारीचा ॲम्प पडला वाल्व्हचा. आतमध्ये काचेच्या नळ्या, त्या तापून लालसर झाल्या की मग आवाज. जास्त व्होल्टेज त्यांना सोसत नाही. म्हणून भाऊ आधी स्टॅबिलायझरचा काटा बघतो. देवाच्या तसबिरीकडे बघावं तसं बघतो, डोळे बारीक करून. मग एक खटका. मग थांबायचं. तेवढ्यात मी स्टोव्हवर दूध ठेवते, कॉफीचं डिकॉक्शन घरूनच आणलेलं असतं. कॉफी पिऊन झाली की दुसरा खटका. ‘हं, आता जागा झाला,’ असं तो दर रविवारी म्हणतो, जणू काय त्यानंच ताप बघून औषध दिलंय!

तो ॲम्प सरगूरहून आणलेला. तिथे एक गृहस्थ होते, तरुणपणी लग्नांत आणि जत्रांत ऑर्केस्ट्रात वाजवायचे, नंतर भाताच्या गिरणीवर बसायला लागले. गिरणीत पोत्यांच्या मागे हे धूड पडलं होतं. भावाला कुठून वास लागला देव जाणे. माझी छोटी गाडी घेऊन आम्ही दोघं गेलो. ॲम्पच्या पाठीमागची फळी काढली तर आत उंदरांचा संसार! चिंध्या, भाताची टरफलं, सगळं नीट रचलेलं. मी दोन पावलं मागे सरले आणि हा लेकाचा गुडघ्यावर बसून नळ्या मोजतोय. येताना त्यानं ॲम्प पुढच्या सीटवर बसवला, त्याला पट्टा बांधला, मागच्या सीटवर गिरणीवाल्यानं दिलेलं तांदळाचं पोतं आडवं टाकलं आणि मला म्हणाला, ‘अक्का, तुला बस मिळेल. ह्याला मिळायची नाही.’ माझी गाडी, माझं पेट्रोल, आणि मी बसनं म्हैसूरला! रस्ताभर मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते.

पण खरा जीव त्याचा गिटारीवर. दिसायला ती साधीच, पोकळ लाकडाची. तिच्या कुशीला वायर खोचायची भोकं मात्र दोन. एकातून लाकडी गिटारीचा मोकळा आवाज निघतो, दुसऱ्यातून इलेक्ट्रिक गिटारीचा. पहिली वायर साध्या स्पीकरला, दुसरी वाल्व्हच्या ॲम्पला. म्हणजे तार एकदाच छेडायची आणि एका कोपऱ्यातून ती स्वच्छ ऐकू यायची, दुसऱ्या कोपऱ्यातून जाड, उबदार. वाल्व्हचा ॲम्प हात ओळखतो. हळू छेडलं की गोड बोलतो, जोर लावला की गुरगुरतो. भाऊ एकाच चालीत त्याला गोड बोलायला लावायचा आणि पुढच्याच घडीला डाफरायला. तेव्हा मी माझी साधी गिटार मांडीवर तशीच ठेवून ऐकत बसायचे, आणि तो लगेच ओरडायचा, ‘मत्ते! अक्का थांबली!’

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी, साचा साफ करताना वरचा पोलादी ठोकळा घसरला आणि त्याच्या डाव्या हातावर आला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. बोटं वाचली, पण आतल्या शिरा तुटल्या होत्या. ऑपरेशन झालं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू वळतील, पण पहिल्यासारखी वळतीलच असं सांगता येत नाही. गिटार वाजवणाऱ्याचा डावा हात म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको. तारा दाबायच्या त्याच बोटांनी.

दरवर्षी आयुधपूजेला वर्कशॉपमधल्या सगळ्या मशिनींना धुऊनपुसून कुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, आणि त्या रांगेच्या शेवटी ॲम्पला एक माळ आणि गिटारीला एक माळ असायची. त्या दसऱ्याला भावानं एका हातानं सगळ्या मशिनींची पूजा केली. ॲम्पला मीच माळ घातली. गिटार आणलीच नव्हती. ‘घरी आहे, राहू दे,’ म्हणाला. सणाच्या दिवशी मी काय बोलणार?

हाताचं बांधलेलं सुटल्यावर एका रविवारी तो स्वतःहून आला. आम्हाला कोण आनंद झाला! पुणेकरणीनं खाराबन, म्हणजे तिखट पाव, आणले होते, डॉक्टर नवा शर्ट घालून आले होते. भावानं काटा बघितला, खटका दाबला, कॉफी घेतली, सगळं नेहमीसारखं. मग एक संथ चाल सुरू केली. पहिल्याच वळणावर ती दोन बोटं उशिरा खाली आली आणि तार बुजली. भद्द असा आवाज आला. मी ऐकला. सगळ्यांनी ऐकला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी पुणेकरणीकडे बघितलं, तिनं जमिनीकडे बघितलं, आणि आम्ही तसंच पुढे वाजवत राहिलो. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. पुन्हा आम्ही पुढे. हळूहळू आम्ही तिघं हसऱ्या तोंडानं वाजवायला लागलो. एवढं गोड हसत आम्ही आयुष्यात कधी वाजवलं नव्हतं.

चाल संपल्यावर डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. ‘सूपर, सूपर!’ पुणेकरीण म्हणाली, ‘खूपच छान, दादा.’ मी म्हणाले, ‘झकास!’ भावानं आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. मग ॲम्पचे दोन्ही खटके एकदमच खाली केले, जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यानं त्याला जिवंत सोडलं नसतं. गिटार पेटीत घातली. ‘काम आहे. किल्ली वॉचमनकडे दे,’ म्हणाला आणि गेला.

आणि आमचा मूर्खपणा बघा. तो गेल्यावर आम्ही तिघं एकमेकांना शाबासकी देत होतो. कसं सांभाळून घेतलं आपण! जरासुद्धा जाणवू दिलं नाही त्याला! डॉक्टर तर म्हणाले, पेशंटशी असंच वागायला हवं. उरलेले खाराबन आम्ही वाटून घेतले.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की वर्कशॉपच्या कामाचं काहीतरी सांगायचा, आवाज अगदी मऊ. आम्ही किल्ली घेऊन जायचो, बसायचो. ॲम्पला हात लावायची कुणाची छाती नव्हती, तो कोपऱ्यात गप्प. साध्या स्पीकरवर काहीबाही वाजवायचो. ‘मत्ते’ म्हणायला कुणाला हुरूपच नव्हता. चुका होत होत्या, त्या तशाच वाहून जात होत्या. कॉफी मात्र लवकर संपायची.

मग एके संध्याकाळी भावजय माझ्याकडे आली. हातात कढीलिंबाची जुडी, परसातली. ती जुडी ओट्यावर ठेवून उभीच राहिली. मी म्हणाले, ‘बस की गं.’ ती बसली नाही.

‘अक्का, माझी आमटी आता ह्यांना रोज चांगली लागते,’ ती म्हणाली.

मला हसू आलं. ‘मग बरंच आहे की! लग्न झाल्यापासून पहिल्यांदा.’

‘काल मीठ घालायचं विसरले मी. हे ताट पुसून जेवले. मी घास घेतला तेव्हा कळलं मला. विचारलं, का सांगितलं नाही, तर म्हणाले, छान झालंय की.’ आणि तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. ‘घरात कुणी कपाट उघडं टाको, नळ चालू ठेवो, काही बोलत नाहीत. माणूस असं असतं का, अक्का?’

मी तिला खाली बसवलं, पाणी दिलं. मला वाटलं, हाताचं दुःख आहे, दुसरं काय असणार. तसं म्हणालेही. ती मान हलवायला लागली.

‘हाताचं नाही. त्या रविवारी घरी आले आणि एकदाच बोलले. म्हणाले, मी इतक्यांदा चुकलो, कुणी थांबवलं नाही मला. हसत होते सगळे. मी आता पाहुणा झालो तिथं.’

पाहुणा! पाहुण्याला आपण कधी म्हणतो का, तुमचं चुकलं? त्याच्या पानात वाढतो, हसतो, टाळ्या वाजवतो आणि तो कधी जातोय याची वाट बघतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी त्याचा राग आला, एवढं मनाला लावून घ्यायला काय झालं म्हणून. मग आमचा आला, तो जास्त आला. सांभाळून घेतलं म्हणे!

मी दुसऱ्याच दिवशी त्याच्याकडे जाणार होते. पण त्याच रात्री त्याचा फोन आला. ‘अक्का, रविवारी अकराला ये वर्कशॉपवर. बेंगळूरूहून एक माणूस येतोय. गिटार घेणार आहे.’

‘कुठली गिटार?’ मी विचारलं. मला ऐकूनच घ्यायचं नव्हतं.

‘माझ्याकडे काय दहा आहेत? त्याला दोन्ही आवाज ऐकायचेत. मला वाजवून दाखवता यायचं नाही. तू दाखव.’

‘आणि तू?’

‘मी काय? मी आता बास. तू ये म्हणजे झालं. बाकीच्यांना सुम्ने गोळा करू नको.’

गिटार एकदा त्याच्या हातातून गेली की तो पुन्हा कधी वाजवणार नाही, हे मला दिवसाच्या उजेडाइतकं स्वच्छ दिसत होतं. नवी घेणारा माणूस नव्हे तो. त्या शनिवारी मी वर्गात पोरांना एकाच बेरजेवरून दोनदा रागावले, आणि बेरीज त्यांची बरोबर होती. आणि अर्थातच डॉक्टरांना आणि पुणेकरणीला मी गोळा केलं. भावजय म्हणाली, मीही येते.

रविवारी आम्ही आधीच जाऊन बसलो. भाऊ आम्हाला बघून काही बोलला नाही. हल्ली काही बोलतच नव्हता ना! गिटारीची पेटी बाकावर ठेवली, काटा बघितला, खटका दाबला. डावा हात पँटच्या खिशात. मला म्हणाला, ‘तो यायला अजून वेळ आहे. एकदा बघून घे.’

मी गिटार घेतली. वायरी खोचल्या, दुसरा खटका दाबला, तार छेडली आणि सगळ्या शेडमध्ये अशी किंकाळी उठली की वॉचमनचं कुत्रं ओरडायला लागलं. लाकडी आवाजाची वायर मी वाल्व्हच्या ॲम्पला लावली होती आणि इलेक्ट्रिकची साध्या स्पीकरला.

‘अय्यो! बंद कर, बंद कर!’ भाऊ धावत आला. ‘एवढी वर्षं बघत्येस, कुठली वायर कुठे जाते कळत नाही? मारशील त्याला!’ उजव्या हातानं फटाफट वायरी उपटून त्यानं बदलल्या. मी गप्प बसून ऐकून घेतलं. खरं सांगते, कान तृप्त झाले.

मग मी वाजवायला लागले. त्याचीच ती संथ चाल. डॉक्टर खोक्यावर बसले, पुणेकरणीनं बेस घेतला. तिसऱ्या वळणावर माझं बोट भलत्याच तारेवर पडलं.

‘मत्ते!’

त्याच्या तोंडून गेलं ते. त्याचं त्यालाही नवल वाटलेलं दिसलं. आम्ही हात उचलले, पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा माझी चूक, पुन्हा ‘मत्ते!’ आता मी काही मुद्दाम चुकत नव्हते; ती चाल माझ्या हाताबाहेरचीच आहे. चौथ्यांदा त्यानं थांबवलं तेव्हा माझा पारा चढला.

‘एवढं येतंय तर तूच वाजव!’

‘मला येत नाही आता.’

‘मग आणखी कुणाला तरी बोलाव दाखवायला. मी नाही वाजवत. चार माणसांत अपमान करून घ्यायला आले नाही मी.’ आणि मी गिटार त्याच्या पुढ्यात धरली.

त्यानं ती रागानंच घेतली आणि स्टुलावर बसला. मी माझी गिटार पेटीतून काढली. डावा हात त्यानं खिशातून काढला तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसला. व्रण अजून गुलाबी होता आणि ती दोन बोटं अर्धवट वाकलेली, कुणाचं तरी ऐकत नसल्यासारखी.

त्यानं सुरू केलं. पहिल्या वळणावर बोटं उशिरा आली, तार बुजली. भद्द. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघितलं, पुणेकरणीच्या तोंडावर ते हसू यायला लागलं होतं. तेच ते, सांभाळून घेणारं. डॉक्टर खोक्यावर थापा मारत चालले होते. दारापाशी भावजय पदर मुठीत धरून उभी. मला वाटत होतं, आता मी बोलले आणि त्यानं गिटार खाली ठेवली तर? मग बोलायला काही उरणारच नाही. दुसरं वळण आलं. आणि तेवढ्यात मला ऐकू आलं. बोटांचं नव्हे. त्याचा उजवा हात. तो पळत होता.

‘मत्ते!’ मी इतक्या जोरात ओरडले की माझाच घसा दुखला.

सगळं थांबलं. डॉक्टरांचे हात हवेत. पुणेकरीण माझ्याकडे अशी बघतेय, जणू मी आजारी माणसाच्या थोबाडीत मारली. भावानं मान वर केली.

‘काय?’

‘मत्ते म्हटलं.’

‘अक्का, बोट वळत नाही माझं.’ अगदी हळू बोलला तो. ‘दिसत नाही तुला?’

‘बोटाचं कोण बोलतंय?’ मी म्हणाले. ‘ते उशिरा येतंय ते सगळ्यांना दिसतंय, येईल तेव्हा येईल. तुझा ताल पळतोय! उजव्या हाताला काय धाड भरलीय? लहानपणापासून पळतोस तू. आरती म्हणतानासुद्धा सगळ्यांच्या आधी संपवायचास!’

‘मी पळतो?’ तो स्टुलावरून उठलाच. ‘मी? डॉक्टर मागे पडले!’

‘नानू?’ डॉक्टर खोक्यावरून उसळले. ‘नीवे ओडिद्री!’ मी कुठला, तुम्हीच पळालात! इतक्या वर्षांत ते भावाला पहिल्यांदा उलट बोलले असतील.

‘दादा, खरंच पळालात तुम्ही,’ पुणेकरीण म्हणाली. तिचं हसू गेलं होतं. ‘आणि पहिल्या वळणावर तार बुजली, तेही चुकलंच.’

मला वाटलं, संपलं. पण भावानं एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, ‘ते माझं. बरोबर. पण ताल तुमचा.’ आणि मग जे भांडण जुंपलं! तो म्हणे मी वायरीसुद्धा धड लावू शकत नाही, मी म्हणे तू मला सरगूरहून बसनं पाठवलंस, डॉक्टर कन्नडात, पुणेकरीण शुद्ध मराठीत, सगळे एकदम. भावजय दारात रडत होती की हसत होती, देव जाणे. माझंही तेच चाललं होतं.

‘बास! मत्ते!’ भाऊच शेवटी ओरडला आणि बसला. पहिल्या वळणाला त्यानं ती दोन बोटं वापरलीच नाहीत. बाकीच्या बोटांनी दाबलं तेवढं दाबलं, एक तार मोकळी सोडली. ती भलतीच वाजली. ‘मत्ते!’ पुणेकरीण म्हणाली. त्यानं हात थोडा वर सरकवला. पुन्हा भलतंच. ‘मत्ते!’ डॉक्टर. त्याच्या कपाळावर घाम आला होता. त्यानं ओठ दाबून धरले होते आणि डोळे चकाकत होते. पुढच्या खेपेला मोकळी तार त्या सुरांत जाऊन बसली. ॲम्प हळूच गुरगुरला. आम्ही पहिलं वळण ओलांडलं आणि दुसऱ्यावर तो पळाला, आणि मी त्याला थांबवलं.

दारात एक तरुण मुलगा पाठीवर रिकामी पेटी घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. आमचा आरडाओरडा ऐकून बिचारा घाबरलेला. कन्नडात म्हणाला, ‘सर, गिटारीत काही प्रॉब्लेम आहे का?’

‘गिटारीत नाही,’ भाऊ म्हणाला. ‘माझ्यात आहे. दुरुस्त व्हायला वर्ष लागेल, दोन लागतील. तोवर मला ही लागणार. तुम्हाला एवढ्या लांबून यायला लावलं, चुकलं माझं. बसा, कॉफी घ्या.’

मग माझ्याकडे वळला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि गिटार मांडीवर तशीच.

‘आणि तू रडत काय बसलीस?’ तो चढ्या आवाजात म्हणाला. ‘तुझी खालची तार उतरलीय. केव्हाची ऐकतोय मी. ती लाव आधी.’